बियाणे वेगळे ठेवावे : शाळेच्या संगणकीय नोंदी व त्यांची राखीव प्रत

बालाघाटच्या पठारावर ज्वारी पेरणारा भूम तालुक्यातील जुना शेतकरी सुगीचे धान्य घरात आणल्यावर प्रथम एक काम करी. उत्तम कणसे निवडून त्यांचे दाणे तो खाण्याच्या धान्यापासून वेगळे काढी. खाण्याचे धान्य कणगीत अथवा पेवात जाई. बियाणे मात्र राख व कडुलिंबाचा पाला घालून उतरंडीच्या एखाद्या मडक्यात निराळे ठेवले जाई. पेवात पाणी शिरले, कणगीला कीड लागली, तरी पुढील पेरणी अडू नये, हा त्यामागील विचार होता. वर्ष कितीही टंचाईचे गेले तरी त्या मडक्याला हात लावला जात नसे.

आज प्राथमिक शाळेतील संगणकातही एक धान्य साठत आहे. विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदी, निकालपत्रके, पोषण आहाराचा हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे हे सारे एका यंत्रात गोळा होत असते. या साठ्याचे बियाणे वेगळे काढून ठेवणे म्हणजेच त्याची राखीव प्रत करणे होय. व्यवहारात यास ‘बॅकअप’ म्हणतात. ही प्रत त्वरेने कशी करावी आणि ती विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नोंदीचे मोल

शाळेची नोंद ही केवळ शाळेच्या उपयोगाची वस्तू नव्हे. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाचे नाव, जन्मतारीख व जात यांची जी ओळ शिक्षक लिहितो, ती त्या मुलाच्या आयुष्यभर आणि पुष्कळदा त्याच्या नातवंडांच्या काळापर्यंत पुरावा म्हणून उभी राहते. सन २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी जातीच्या जुन्या नोंदींचा शोध घेण्याचे काम निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे सोपविण्यात आले, तेव्हा महसुली कागदपत्रांबरोबर शाळांच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्याही तपासण्यात आल्या. निजामकालीन कागदांतील उर्दू व मोडी लिपीतील ओळी वाचण्यासाठी जाणकार शोधावे लागले. ज्या शिक्षकाने कोणे एके काळी ती ओळ लिहिली, त्याला तिचे पुढील महत्त्व ठाऊक असण्याचा संभव नव्हता. त्याने आपले काम नीट केले व पुढील गुरुजींनी ती वही सांभाळली, एवढेच घडले होते.

सरल व यूडायस प्लस या प्रणालींत भरलेली माहिती शासनाच्या संगणकांवर राहते, हे खरे. परंतु शाळेत दैनंदिन तयार होणारे तक्ते, इतिवृत्ते व नोंदवह्यांची छायाचित्रे तेथे नसतात. ती शाळेच्या संगणकात अथवा एखाद्या शिक्षकाच्या भ्रमणध्वनीतच असतात. ‘सर्व माहिती ऑनलाइन आहे’ या समजुतीवर विसंबून राहणे म्हणूनच धोक्याचे आहे. व्हॉट्सॲपच्या गटात पाठविलेले छायाचित्र हीदेखील राखीव प्रत नव्हे. तेथे नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र आकाराने लहान केले जाते, त्यातील बारीक अक्षर पुसट होते, आणि पुष्कळ दिवसांनी ते पुन्हा उतरवून घेऊ गेल्यास मिळेलच याची शाश्वती नसते.

मूळ का नाहीसे होते?

संगणकातील माहिती नाहीशी होण्याची कारणे पाच प्रकारची आहेत. पहिले, यंत्राचा बिघाड. संगणकातील हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला हजारो फेऱ्या घेत असतात व त्यांवरून केसाच्या जाडीहूनही कितीतरी सूक्ष्म अंतर राखून वाचक-शीर्ष फिरत असते. धक्का, धूळ अथवा विजेचा अकस्मात खंड यांनी हे नाजूक यंत्र बिघडते. दुसरे, माणसाची चूक. नको ती फाइल पुसली जाते, किंवा या वर्षीचा तक्ता गेल्या वर्षीच्या नावानेच जतन होऊन जुना तक्ता नष्ट होतो. तिसरे, संगणकाचा विषाणू. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरातील असंख्य संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली होती. चौथे, चोरी.

पाचवे कारण नैसर्गिक आपत्तीचे असून या जिल्ह्यास ते शिकविण्याची आवश्यकता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी व या जिल्ह्यातील सास्तूर परिसरात झालेल्या भूकंपाने दगडमातीची गावेच्या गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीत भूम व परंडा तालुक्यांत नद्यांचे पाणी घरांत व गोठ्यांत शिरले. अशा प्रसंगी एकाच खोलीतील दोन प्रती या दोन राहत नाहीत. भिंत पडली की त्या एकदमच जातात. म्हणून राखीव प्रतीसंबंधीचा पहिला प्रश्न ‘किती प्रती?’ एवढाच नसून ‘त्या कोठे आहेत?’ हाही आहे.

कोणते साधन निवडावे?

राखीव प्रतीसाठी मुख्यतः तीन साधने प्रचारात आहेत. पेन ड्राइव्ह लहान, स्वस्त व सुलभ आहे. त्यात फिरणारा भाग नसल्याने पडल्याने तो सहसा बिघडत नाही. परंतु त्यातील माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने साठविलेली असते व न वापरता अनेक वर्षे ठेवल्यास तो भार हळूहळू ओसरू शकतो. शिवाय तो हरवतो, आणि हाती येईल त्या संगणकास लावला गेल्याने विषाणूचे वाहनही होतो. बाहेरून जोडावयाच्या हार्ड डिस्कमध्ये माहिती पुष्कळ मावते व खर्चाच्या मानाने ती सोयीची पडते. मात्र ती चालू असताना हलवू अगर पाडू नये. तिसरे साधन ‘एसएसडी’ हे होय. ते वेगवान व धक्का सोसणारे असले तरी महाग आहे, आणि वीज न देता दीर्घकाळ ठेवण्याच्या बाबतीत त्यालाही पेन ड्राइव्हचीच मर्यादा लागू आहे.

सामान्य प्राथमिक शाळेसाठी हार्ड डिस्क हे मुख्य साधन ठेवावे आणि चालू वर्षाच्या फायलींपुरता एक पेन ड्राइव्ह जोडीला ठेवावा. कोणतेही साधन चिरंजीव नाही. तीन ते पाच वर्षांनी नवे घेऊन त्यावर सर्व माहिती उतरवावी. बाजारात अत्यंत स्वस्त दरात ‘एक टेराबाइट’, ‘दोन टेराबाइट’ म्हणून विकले जाणारे काही पेन ड्राइव्ह बनावट असतात. त्यांवर आकडा मोठा दिसतो, परंतु खरी जागा थोडी असते. ती भरल्यावर पुढील फायलींची नावे दिसतात, पण त्या उघडत नाहीत. म्हणून खरेदी पावतीसह व खात्रीच्या दुकानातूनच करावी.

त्वरा कशी साधावी?

राखीव प्रत न करण्याचे सर्वसाधारण कारण ‘वेळ नाही’ हे सांगितले जाते. ते कितपत खरे आहे, हे एका उदाहरणाने पडताळून पाहता येईल. समजा, एका शाळेत दहा जुन्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकीची २०० छायाचित्रे काढली व प्रत्येक छायाचित्र ३ मेगाबाइटचे आहे. एकूण छायाचित्रे २,००० व एकूण भार ६,००० मेगाबाइट, म्हणजे सुमारे ६ गिगाबाइट झाला. जुना, मंद पेन ड्राइव्ह सेकंदाला ५ मेगाबाइट लिहीत असेल तर १,२०० सेकंद, म्हणजे २० मिनिटे लागतील. यूएसबी २.० जोडणीवर सेकंदाला ३० मेगाबाइट वेग मिळाल्यास २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद पुरतील. यूएसबी ३.० जोडणीवरील हार्ड डिस्कला १०० मेगाबाइट वेग मिळाल्यास हेच काम एका मिनिटात होईल. संगणकाच्या ज्या खाचेच्या आत निळी पट्टी असते, ती बहुधा यूएसबी ३.० ची असते, तीच वापरावी. डिस्क नवी घेतली पण ती जुन्या खाचेत लावली, तर वेग जुनाच मिळतो.

परंतु खरी त्वरा यंत्रात नसून पद्धतीत आहे. वरील शाळेने पुढील महिन्यात केवळ ५० नवी छायाचित्रे काढली, तर भार अवघा १५० मेगाबाइट होतो. तेवढीच उतरविल्यास मंद पेन ड्राइव्हलाही अर्धेच मिनिट लागते. प्रत्येक वेळी सर्व धान्य उपसण्याचे कारण नाही; नव्याने आलेले व बदललेले तेवढेच उचलावे. विंडोज प्रणालीतील ‘फाइल हिस्ट्री’ ही सोय बदललेल्या फायली आपोआप ओळखून बाहेरील डिस्कवर उतरवते, आणि फायलीचे पूर्वीचे रूपही राखून ठेवते. त्यामुळे चुकीने बदललेला तक्ता जुन्या रूपात परत मिळू शकतो.

लहान लहान असंख्य फायली उतरविण्यास एका मोठ्या फायलीपेक्षा अधिक वेळ लागतो, हाही अनुभव येतो. पोषण आहाराच्या तांदळाचे पोते एकदाच वजन करून घेतले तर काम चटकन होते; तेच मूठमूठ मोजून प्रत्येक मुठीची नोंद करावयाची झाल्यास दिवस जाईल. संगणकालाही प्रत्येक फायलीची स्वतंत्र नोंद करावी लागते. म्हणून पूर्ण झालेल्या नोंदवहीची सर्व छायाचित्रे एका ‘झिप’ फायलीत बांधावी. छायाचित्रांचा भार त्याने फारसा कमी होत नाही, परंतु गाठोडे एक होते. मात्र साऱ्या शाळेचे एकच गाठोडे करू नये. ते बिघडले तर सर्वच जाते. एका नोंदवहीस एक गाठोडे, हे प्रमाण योग्य होय.

प्रत खरी आहे काय?

नक्कल केली म्हणजे काम संपले, असे मानण्याची चूक फार जुनी आहे. हाताने ग्रंथ उतरविण्याच्या काळात प्रत्येक नकलेबरोबर चुका वाढत जात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे अनेक अपपाठ शिरल्याचे पाहून पैठणच्या एकनाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ तोवर नकलांमुळेच टिकला होता; परंतु तो शुद्ध रूपात टिकण्यासाठी तपासणीची जोड द्यावी लागली. संगणकाची नक्कल हाताच्या नकलेपेक्षा पुष्कळ अचूक असते हे खरे, पण वीज मध्येच गेली, डिस्क लवकर उपटली अगर साधनच सदोष असले, तर तीही अपुरी राहते.

म्हणून तीन पथ्ये पाळावी. पहिले, फायली ‘कॉपी’ कराव्या, ‘कट’ करू नये. कट केल्याने धान्य एका कणगीतून दुसरीत जाते. बियाणे निर्माण होत नाही. दुसरे, काम संपल्यावर ‘सेफली रिमूव्ह हार्डवेअर’ ही आज्ञा देऊन मगच डिस्क काढावी. पडद्यावरील पट्टी पूर्ण झाली तरी शेवटचा काही भाग संगणकाच्या स्मृतीत लिहिण्यासाठी थांबलेला असू शकतो. तिसरे, मूळ व प्रत या दोन्ही फोल्डरांवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे आणि फायलींची संख्या व आकार जुळतात का ते पडताळावे. पटावरील संख्या व वर्गातील उपस्थिती जुळविण्यासारखेच हे काम आहे.

एवढ्यावरही थांबू नये. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्यांची उगवण तपासावी व किमान सत्तर उगवल्यास ते बियाणे योग्य समजावे, असे कृषी विभाग सांगतो. राखीव प्रतीचीही अशी उगवण-चाचणी घ्यावयाची असते. प्रत्येक सत्रात एकदा डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकास जोडावी. निरनिराळ्या वर्षांतील दहा फायली निवडून त्या प्रत्यक्ष उघडाव्या. एखादे गाठोडे सोडवून अक्षर वाचता येते का ते पाहावे. येथे मात्र सत्तर टक्क्यांचे समाधान चालणार नाही. दहापैकी एक जरी उघडली नाही, तरी त्या डिस्कवर विसंबू नये व ताबडतोब नवी प्रत करावी. जी प्रत कधी परत उघडून पाहिलेली नाही, तिला राखीव प्रत म्हणता येत नाही. ती केवळ आशा होय.

प्रत कोठे ठेवावी?

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम सर्वत्र मान्य झाला आहे. माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्या. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्या. आणि त्यांपैकी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. शाळेच्या बाबतीत संगणकातील मूळ ही पहिली प्रत, शाळेच्या कपाटातील पेन ड्राइव्ह अगर डिस्क ही दुसरी, आणि गावाबाहेर ठेवलेली डिस्क ही तिसरी.

तिसऱ्या प्रतीसाठी केंद्राची मासिक शिक्षण परिषद ही चांगली संधी आहे. शाळेने दोन डिस्क घ्याव्या व त्यांवर ‘सम’ आणि ‘विषम’ असे लिहावे. सम महिन्यात एकीवर व विषम महिन्यात दुसरीवर प्रत करावी. नवी प्रत केलेली डिस्क मोहोरबंद पाकिटात घालून परिषदेस जाताना केंद्रशाळेत जमा करावी व आधीची परत आणावी. याप्रमाणे एक डिस्क नेहमी शाळेपासून दूर राहील. शाळेत असलेली डिस्कही काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. संगणकास सदैव जोडलेल्या डिस्कवर विषाणूही पोहोचतो आणि विजेचा झटकाही. कपाटातील जागा खालच्या कप्प्याची नसावी. पाणी प्रथम तेथेच शिरते.

गूगल ड्राइव्हसारखी सोय तिसरी प्रत म्हणून उपयोगी पडते. विनामूल्य खात्यात १५ गिगाबाइट जागा मिळते. तथापि संगणकाशी जुळवून ठेवलेल्या अशा खात्यात एका ठिकाणी फाइल पुसली की ती दुसरीकडेही पुसली जाते व कचरापेटीत तीस दिवसच राहते. म्हणून ती डिस्कची जागा घेऊ शकत नाही.

गोपनीयता व जबाबदारी

या डिस्कवर लहान मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक व पालकांची बँक खाती असतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी सन २०२३ मध्ये केंद्राने स्वतंत्र अधिनियम केला आहे. परंतु कायदा नसता तरी परक्या लेकराची माहिती सांभाळणे हा शिक्षकाचा धर्मच आहे. गाठोडे बांधताना त्यास सांकेतिक शब्द द्यावा. तो शब्द एकाच व्यक्तीच्या स्मरणात राहिला व तिची बदली झाली, तर कुलूप शाबूत राहून धान्य मात्र हरवेल. म्हणून तो बंद लिफाफ्यात, मुख्याध्यापकांच्या ताब्यात असावा व पदभार देताना यादीने सोपवावा. डिस्कची नोंद जडसंग्रह नोंदवहीत घ्यावी.

याखेरीज एक साधी वही घालावी. तीत तारीख, डिस्कचे नाव, फायलींची संख्या, उघडून पाहिलेल्या फायली व स्वाक्षरी असे पाच रकाने पुरेत. फायलींना नाव देताना वर्ष, महिना व दिवस या क्रमाने तारीख घालावी; ‘नवीन’, ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ अशी नावे देऊ नयेत. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी, शाळा सुटल्यानंतर, हे सर्व काम अर्ध्या तासात आटोपते. दोन शिक्षकी शाळेतही एकाने उतरवावे व दुसऱ्याने तपासावे.

मूळ कागदी नोंदवह्या या सर्वांहून श्रेष्ठ आहेत व त्या जपल्याच पाहिजेत. छायाचित्र झाले म्हणून वही टाकून देणे हा मोठा अपराध होईल. परंतु कागदालाही वाळवी व पाणी आहेच. आज पहिलीत बसलेली एखादी मुलगी चाळीस वर्षांनी आपल्या दाखल्यासाठी याच शाळेच्या दारात येईल. त्या वेळी तेथे कोण शिक्षक असेल हे कोणी सांगू शकत नाही. कदाचित संगणकाचे रूपही बदललेले असेल. तिला तिची ओळ मिळणे वा न मिळणे, हे आज कोणी अखेरच्या शनिवारी अर्धा तास थांबले की नाही यावर अवलंबून राहील. शेतकऱ्याने वेगळे ठेवलेले बियाणे पुढच्या हंगामात उगवते. शिक्षकाने वेगळी ठेवलेली नोंद पुढच्या पिढीत उगवते.